‘ॲप बेकार आहे’ म्हणजे नेमकं काय?

आज एक काम करा. मोबाईल हातात आहेच. प्ले स्टोअर उघडा आणि तुम्ही आजवर कोणत्या ॲपला काय काय लिहिलंय ते बघा. ‘बेकार ॲप.’ ‘चालत नाही.’ ‘फालतू, कुणी डाऊनलोड करू नका.’ आणि वर एक स्टार. माझ्या नावावर असे तीन शेरे निघाले. मी मास कम्युनिकेशन शिकते, म्हणजे नेमकं बोलायचं, नेमकं लिहायचं हेच माझं शिक्षण. तरीही त्या तिन्ही शेऱ्यांमधून समोरच्याला काय दुरुस्त करायचंय, याचा पत्ता लागला नसता. राग आलाय, एवढंच कळलं असतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे केज तालुक्यातला माझा एक मित्र. बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या मामांचं गावात दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात. लिटर मोजायचं, फॅट आणि एसएनएफ बघायचं, त्यावर दर लावायचा, वहीत लिहायचं आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढायचं. मामा रात्री अकरापर्यंत कॅल्क्युलेटर बडवत बसायचे. या पठ्ठ्यानं त्यावर एक ॲप बनवलं. नोव्हेंबरभर वहीशी ताडून बघितलं, पैशाचाही फरक नाही. एक जानेवारीपासून मामांनी वही बंद केली. बघता बघता शेजारच्या गावांतल्या आणखी तीन केंद्रांनीही तेच ॲप घेतलं. पोरगं हवेत!

फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या ॲपखाली शेरा आला. एक स्टार, आणि खाली ‘लोकांचे पैसे खाणारं ॲप’. कुणी लिहिलं, कोणत्या गावातून लिहिलं, कसले पैसे, काहीच नाही. मग त्याखाली दुसरा, ‘हो, चोर आहे.’ दोन रात्री हा झोपला नाही. कोडच्या हजारभर ओळी वरपासून खालपर्यंत वाचून काढल्या. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाला, ‘काढूनच टाकतो राव. फुकट द्यायचं आणि वरून चोर म्हणवून घ्यायचं.’

त्याच संध्याकाळी मामांच्या केंद्रावर एक आजी आल्या. आजींना लिहिता-वाचता येत नाही. पण केंद्रावर दूध घालून घरी गेल्या की त्या भिंतीवर खडूनं एक रेघ मारतात. सकाळची एक, संध्याकाळची एक. त्या याला म्हणाल्या, ‘लेकरा, तुझ्या कागदात वीसच येळा दूध धरलंय. माझ्या भितीवर बावीस रेघा हायेत. तुझ्या मशिनीत एकतीस तारीख न्हाई व्हय?’

झालं! सापडलं. महिन्याची तीन बिलं. १ ते १०, ११ ते २० आणि तिसरं २१ पासून पुढे. यानं तिसऱ्या बिलाला लिहिलं होतं, २१ पासून पुढे दहा दिवस. नोव्हेंबर ३० दिवसांचा, त्यामुळे तेव्हा सगळं बरोबर आलं. जानेवारीला ३१ तारखेचं दोन्ही वेळचं दूध बिलातून गायब. आणि हे फेब्रुवारीत तसंच राहिलं असतं तर? २१ पासून दहा दिवस म्हणजे २ मार्चपर्यंत. मार्चचे पहिले दोन दिवस दोनदा धरले गेले असते आणि केंद्राला भुर्दंड बसला असता.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. ‘दहा दिवस’ काढून ‘महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत’ असं करायचं. पण ओळ बदलून काम संपलं नाही. चारही केंद्रांवर जाऊन यानं कुणाचे किती पैसे कमी गेले त्याच्या याद्या काढल्या. लोकांसमोर सांगितलं की चूक मामांची नाही, ॲपची आहे, म्हणजे माझी आहे. फरक पुढच्या बिलात मिळाला. ज्यानं ‘पैसे खाणारं ॲप’ लिहिलं तो खोटं बोलत नव्हता. त्याचे खरंच पैसे कमी आले होते. पण त्याच्या त्या एका ओळीनं काहीच दुरुस्त झालं नाही. आजींच्या दोन वाक्यांनी झालं.

सांगा बरं, या दोघांत फरक कोणता? आजी गोड बोलल्या म्हणून नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. काय व्हायला हवं होतं, बावीस. काय झालं, वीस. आणि गडबड कुठे असावी, एकतीस तारीख. मोठमोठ्या कंपन्यांत चूक कळवायचा जो फॉर्म असतो ना, त्यातही हेच विचारलेलं असतं.

बग या शब्दाची एक गोष्ट तुम्ही वाचली असेल. ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या अवाढव्य संगणकात बिघाड झाला. शोधलं तर एका रिलेमध्ये पतंगासारखा किडा अडकलेला. तिथल्या लोकांनी तो काढला, नोंदवहीत चिकटवला आणि पुढे गंमतीनं लिहून ठेवलं की पहिल्यांदाच खराखुरा बग सापडला. ती गंमत होती, कारण यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत त्याआधीचीच. थॉमस एडिसननं १८७८ च्या पत्रात तो शब्द वापरलाय. मला त्या गोष्टीत किड्यापेक्षा नोंदवही महत्त्वाची वाटते. वेळ लिहिली होती, कुठल्या पॅनेलवर, कुठल्या रिलेमध्ये तेही लिहिलं होतं. ‘मशीन बेकार आहे’ असं लिहून ते घरी गेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्या-बंगळूरच्या लोकांचं. आपल्या जिल्ह्यात कोण सॉफ्टवेअर बनवतं? तर आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांचं नाव ऐकलं नसेल तर ऐका. दहावी, मग आयटीआय, मग पुणे. तिथे इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसवर महिना ९ हजार रुपयांची नोकरी. खोल्या बघायच्या, चहा-पाणी द्यायचं. कॉम्प्युटरवर बसणारी माणसं रोज डोळ्यांसमोर. त्यांच्यासारखं काम करायला काय लागतं, हे त्यांनाच विचारलं. ग्राफिक डिझाईन शिकले, ॲनिमेशन शिकले, मग प्रोग्रामिंगही. पुढे स्वतःचं डिझाईन टेम्प्लेटचं सॉफ्टवेअर उभं केलं. लॉकडाऊनमध्ये गावी परत आले, तर घरी धड वीज नाही आणि नेटवर्क नाही. डोंगरावर फोरजीची रेंज चांगली येते म्हणून तिथल्या गोठ्यात ऑफिस थाटलं आणि गावातल्या पोरांना शिकवून कामाला लावलं. नंतर ‘शार्क टँक इंडिया’त अमन गुप्ता यांनी १० टक्के हिश्श्यासाठी त्यांच्या कंपनीत १ कोटी रुपये घातले.

ही गोष्ट आपल्याकडे ‘ऑफिस बॉय ते मालक’ अशी सांगितली जाते. स्टेटसला ठेवायला भारी आहे. पण मला त्यातला गोठा जास्त दिसतो. डिझाईनचं सॉफ्टवेअर बनवणं म्हणजे एकदा बनवलं आणि संपलं असं नसतं. कुणाच्या मोबाईलवर अक्षर चौकटीबाहेर जातं, कुणाचा फोटो सेव्ह होत नाही, कुणाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर जोडाक्षर फुटून ‘क्ष’चे दोन तुकडे होतात. अशा तक्रारी रोज येतात. दहा जणांची टीम रेंज शोधत डोंगरावर बसलेली असेल, तर प्रत्येक तक्रारीमागे कुणाची तरी संध्याकाळ जाते. आणि आपण खालून लिहितो, ‘वर्स्ट ॲप’.

मोठ्या कंपनीला कस्टमर केअर असतं, टेस्टिंगची टीम असते. एकट्यानं ॲप बनवणाऱ्याचं कस्टमर केअर तोच, टेस्टिंग तोच आणि शिव्या खाणाराही तोच. तुमच्या मोबाईलमधलं सगळंच मोठ्या कंपन्या बनवतात असंही समजू नका. जगभरची मोठी यंत्रणा अशा एकेकट्या माणसांच्या फुकटच्या कामावर उभी आहे. लिनक्सच बघा. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, त्यात तुम्हाला काय हवंय ते सांगा. वय बघा, २१. आपलंच. आज तुमच्या अँड्रॉईड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. लोकांनी सांगितलं, त्यानं ऐकलं, लोकांनी दुरुस्त्या पाठवल्या, त्यानं घेतल्या, म्हणून ते इथवर आलं.

आणि अशा एकट्या माणसाला नुसतं टोचत राहिलं तर काय होतं, तेही बघा. ‘एक्सझेड’ नावाचं फाईल लहान करायचं एक साधन आहे. जगातल्या असंख्य सर्व्हरवर ते असतं. ते सांभाळत होता लासे कॉलिन नावाचा एकटा माणूस, मोकळ्या वेळात, फुकट. त्यानं स्वतः सांगितलं होतं की मानसिक त्रासामुळे जमत नाहीये. तरी काही नावांवरून मेल येत राहिले, काम हळू का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. शेवटी मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ या नावाच्या व्यक्तीवर विश्वास टाकून त्यानं तिला अधिकार दिले. दोनेक वर्षांनी त्याच व्यक्तीनं त्यात गुपचूप चोरदरवाजा बसवला. टोचणारी ती नावंही त्याच कटातली असावीत, असा अनेकांचा संशय आहे. २९ मार्च २०२४ ला हे उघडकीला आलं, तेही आंद्रेस फ्रॉइंड या एका इंजिनिअरमुळे. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या गोष्टीचा त्यानं पिच्छा पुरवला आणि जे सापडलं ते आकड्यांसह लिहून सगळ्यांसमोर ठेवलं. म्हणजे एकीकडे टोचणी, तिनं दार उघडलं गेलं. दुसरीकडे अर्ध्या सेकंदाची नेमकी तक्रार, तिनं जग वाचलं. आपल्या आजींच्याच जातीचा हा माणूस!

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, ‘मग आम्ही चिडायचंच नाही का?’ चिडा की. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे, सायबर कॅफेत चाळीस जण रांगेत आहेत, आणि पोर्टल फिरतच राहतं. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला नवीन नाही. आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या पोराचा ओटीपी त्यांच्याकडच्या मोबाईलवर जातो, तिकडे फडात रेंज नसते आणि इकडे वेळ संपते. अशा वेळी राग आलाच पाहिजे. लोकांच्या पैशातून चालणाऱ्या यंत्रणेला जाब विचारलाच पाहिजे. पण तिथेही ‘साईट बंद आहे’ यापेक्षा ‘अमुक तारखेला रात्री ९:४० ला चौथ्या पानावर जातीच्या दाखल्याची फाईल घेतली नाही, हा स्क्रीनशॉट’ हे जास्त जोरात लागतं. पहिल्याला ‘नंतर प्रयत्न करा’ असं उत्तर देऊन वाटेला लावता येतं. दुसऱ्याला नाही. तक्रार नेमकी असणं म्हणजे मवाळ असणं नव्हे. उलट तिच्यातून सुटायला समोरच्याला वाटच राहत नाही.

मग नेमकं लिहायचं कसं? फार अवघड नाही. मी काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तीन ओळी. सोबत मोबाईलचं मॉडेल, अँड्रॉईडचं व्हर्जन आणि ॲपचं व्हर्जन. दर वेळी होतं की कधीतरी, हेही लिहा. नेट चालू होतं की बंद, हे आपल्याकडे तर हमखास सांगायला हवं. स्क्रीनशॉट जोडा, पण त्यात आधार नंबर, बँकेचा खाते नंबर दिसत असेल तर आधी झाका. आणि शक्यतो आधी डेव्हलपरला मेल करा. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर त्याचा ई-मेल दिलेला असतो. चार दिवस वाट बघा. काहीच हललं नाही तर मग खुशाल एक स्टार द्या, कारणासकट द्या.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशी बोलते. तुमच्यातले काहीजण ॲप बनवताय, मला माहीत आहे. कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, कुणी दुकानासाठी. प्ले स्टोअरवर डेव्हलपर खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही संख्या २० होती. बरेच जण या अटीला कंटाळतात आणि हॉस्टेलच्या बारा मित्रांना नुसतं इन्स्टॉल करायला लावतात. असं करू नका, प्लीज. ते बारा जण तुमच्यासारखेच आहेत, त्यांचे मोबाईल तुमच्यासारखेच आहेत. त्यातले निदान चार जण असे घ्या ज्यांना तुमचं ॲप खरंच लागणार आहे. एखादी आशाताई, एखादा किराणा दुकानदार, तुमची आई. चाचणी करणाऱ्यांत ती आजी असती, तर एकतीस तारीख प्ले स्टोअरवर जायच्या आधीच सापडली असती.

तक्रार आली की पहिलं उत्तर ‘तुमचाच मोबाईल जुना आहे’ हे नको. आपल्या जिल्ह्यात मोबाईल जुनाच असणार आणि मेमरी भरलेलीच असणार. त्यावर चाललं पाहिजे. आधी तीच चूक स्वतःच्या हातानं घडवून बघा. घडली की अर्धं काम झालं. सगळ्या तक्रारी सारख्या नसतात, त्यांचा क्रम लावा. ज्यात कुणाचे पैसे किंवा माहिती जाते ती आज. ॲप बंद पडतं ती उद्या. रंग आवडला नाही ती नंतर. आकड्यांच्या रकान्यात कुणी १२ देवनागरीत टाकलं तर काय होतं, ते आत्ताच बघून घ्या. अनेक ॲप तिथेच आडवी होतात. आणि दुरुस्ती झाली की ज्यानं सांगितलं त्याला कळवा. ‘नवीन काय’च्या रकान्यात सगळे ‘किरकोळ सुधारणा’ लिहितात. तुम्ही लिहा, ‘३१ तारखेचं दूध बिलात धरलं जात नव्हतं, आता धरलं जातं.’ चूक उघड मान्य केली म्हणून लोक पळून जात नाहीत. मित्राच्या चार केंद्रांपैकी एकानंही ॲप सोडलं नाही.

डोनाल्ड क्नुथ हे संगणकशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी जाहीर केलं होतं की माझ्या पुस्तकात चूक दाखवा आणि २ डॉलर ५६ सेंटचा चेक घ्या. २५६ हा संगणकवाल्यांचा लाडका आकडा, म्हणून. चेक मिळालेल्या अनेकांनी तो वटवलाच नाही, फ्रेम करून भिंतीवर लावला. एवढा मोठा माणूस चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायचा, पैसे द्यायचा. आपण पहिल्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये मित्रानं चूक काढली तर आठवडाभर बोलत नाही!

शेवटी एक गंमत सांगते. ‘ॲप’ हा शब्द लिहिताना आपण जे ‘ॲ’ अक्षर वापरतो, त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ पर्यंत नव्हती. त्याआधी अ आणि वरची चंद्रकोर जोडून कसंबसं काम चालायचं आणि अनेक ठिकाणी ती जोडणी फुटायची. २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मराठीसाठी म्हणून ते अक्षर आलं. हिंदीवाल्यांना त्याची गरज नव्हती, इंग्रजीवाल्यांना ते असतं हेही माहीत नव्हतं. ज्यांना लागत होतं, त्यांची अडचण जिथे सांगायची तिथे पोहोचली म्हणून ते आलं. आपल्या भाषेची, आपल्या तालुक्याची, आपल्या दुधाच्या बिलाची अडचण कॅलिफोर्नियातल्या कुणाला आपोआप दिसणार नाही. ती आपल्यालाच नीट शब्दांत सांगावी लागणार. आणि पुढेमागे आपल्यापैकीच कुणीतरी बसून ती दुरुस्त करणार.

प्ले स्टोअरवर जुना शेरा बदलता येतो, हे मला परवाच कळलं. माझ्या तिनांपैकी दोन मी बदलले. काय बिघडलं, कधी बिघडलं, कोणत्या मोबाईलवर, सगळं लिहिलं. तिसऱ्याचं मात्र मला आठवेचना की नेमकं काय चुकलं होतं. तो पुसून टाकला. तुम्हीही तुमचे शेरे एकदा उघडून बघा. आणि मित्राच्या ॲपचं सांगायचं राहिलं. मार्चचं बिल निघालं त्या दिवशी आजी परत केंद्रावर आल्या, भिंतीवरच्या रेघा मोजूनच आल्या होत्या. यावेळी बरोबर निघालं.